‘केली’ची ‘केळी’ करताना

प्रश्न : मी यावल तालुक्यात राहतो. गेली नऊ वर्षं रोज संध्याकाळी केळीचे भाव, पाऊसपाणी आणि चार ओळींची खबरबात अशी एक साधी टेक्स्ट फाइल करून शेतकऱ्यांना मोबाइलवर पाठवतो. अशा तीन हजारांवर फायली झाल्या आहेत. मधली दोन-तीन वर्षं टाइप करणाऱ्या मुलाने ‘केळी’ऐवजी बऱ्याच ठिकाणी ‘केली’ लिहिलं, ते आता लक्षात आलं. पुतण्या म्हणतो, उबुंटूमध्ये (आमच्या कम्प्युटरवरच्या लिनक्समध्ये) ‘सेड’ नावाची कमांड आहे, एका ओळीत सगळं बदलतं. त्याच दमात औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगरही करून टाकू म्हणतो. ताई, मला भीती वाटते. करू का?
— एक वाचक, यावल तालुका

उत्तर : भाऊ, तुम्हाला भीती वाटते हे बरं आहे. पुतण्याला वाटत नाही, म्हणून त्याला आज जेवायला वाढा आणि कीबोर्ड तुमच्याकडे ठेवा.

एका ओळीत सगळं बदलतं हे खरं. पण ‘सगळं’ म्हणजे काय ते बघा. तुम्ही नमुन्याला पाठवलेल्या साठ फायलींत एक ओळ आहे : ‘यंदा बऱ्याच जणांनी केली केली नाही, कपाशी लावली.’ पुतण्याची कमांड चालली असती तर इथे ‘केळी केळी नाही’ झालं असतं. ‘व्यापाऱ्यांनी खरेदी केली’चं ‘खरेदी केळी’ आणि ‘भावात कपात केली’चं ‘कपात केळी’. हिरवीगार बाग झाली असती नुसती.

मुलाला फार बोलू नका. आपल्याकडे बोलताना ‘ळ’चा ‘य’ होतो, जळगावचं ‘जयगाव’ होतं. त्याने निदान ‘ल’ तरी लिहिला. युनिकोडमध्येही ही दोघं शेजारी आहेत : ल ०९३२ क्रमांकाला, ळ ०९३३ ला. कम्प्युटरला मात्र शेजारधर्म कळत नाही आणि व्याकरण तर त्याहून नाही. ‘केली’ हे क्रियापद की फळ, हे तुम्हालाच त्याला शिकवावं लागेल.

म्हणून आधी नुसतं शोधा. शोधायची कमांड ‘ग्रेप’. बेल लॅब्समध्ये केन थॉम्प्सन यांनी ती १९७३ च्या सुमाराला वेगळी काढली. त्याआधी ‘ईडी’ नावाच्या एडिटरमध्ये ‘सगळीकडे हा नमुना शोध आणि छाप’ असा हुकूम होता, त्याच्या आद्याक्षरांचं हे नाव. तुमचं सेडसुद्धा त्याच एडिटरच्या पोटातून आलेलं. पन्नास वर्षांची म्हातारी हत्यारं आहेत ही. पण अजून धार आहे.

फोनवर भाचीला सांगते तसं सांगते. ग्रेप, जागा, डॅश आर ओ एच, जागा, मग सिंगल कोटात नमुना, जागा आणि शेवटी टिंब. आर म्हणजे आतल्या सगळ्या फोल्डरांत शिर. ओ म्हणजे अख्खी ओळ नको, जुळलेला तुकडाच दाखव. एच म्हणजे फाइलचं नाव नको. टिंब म्हणजे मी उभी आहे त्या फोल्डरपासून. आणि नमुना असा :

[^ ]* केली[^ ]* *[^ ]*

चौकोनी कंसातली टोपी आणि मोकळी जागा म्हणजे ‘जागा सोडून काहीही’, ताऱ्याने ते हवं तितक्या वेळा. थोडक्यात, केलीच्या मागचा एक शब्द, केली आणि तिचं शेपूट, पुढचा एक शब्द. जे निघेल ते पाइपने (म्हणजे दोन कमांडींच्या मध्ये उभी रेघ देऊन) सॉर्टला द्या, सॉर्टमधून युनिक डॅश सी ला (ही कमांड चार अक्षरांची, यू एन आय क्यू), आणि पुन्हा सॉर्ट डॅश आर एन. सारख्या जोड्या एकत्र येतात, किती वेळा आल्या तो आकडा पुढे लागतो, जास्त वेळा आलेल्या वर.

तुमच्या साठ फायलींत ‘केली’ २१४ वेळा होती. जोड्या किती निघाल्या? ३७. दोनशे चौदा जागा बघणं कंटाळवाणं आहे, सदतीस ओळी चहा संपेपर्यंत होतात. तीन हजार फायलींतही हा आकडा काही पन्नासपट होणार नाही, माणूस रोज तेच तेच लिहितो. ओळीच्या सुरुवातीच्या ‘केली’ या यादीत येत नाहीत, कारण नमुन्यात आधी जागा मागितली आहे. त्या ‘^केली’ असं लिहून वेगळ्या काढा, कंसाबाहेर टोपी म्हणजे ओळीची सुरुवात. तुमच्या फायलींत त्या सगळ्या फळच आहेत : ‘केली नवती’, ‘केली पिलबाग’, ‘केली वापसी’ (बाजारातले केळीचे प्रकार), पुढे भाव. त्या डोळे मिटून बदला.

आता खरी मजा. ज्या ‘केली’ला विभक्तीचा प्रत्यय लागलाय ती फळच असणार, क्रियापदाला कोण ‘ला’ आणि ‘साठी’ लावतो? केलीला, केलीचे, केलीच्या, केलीवर, केलीसाठी. हे सगळं एका नमुन्यात बसतं :

केली(चा|चे|ची|च्या|ला|ने|वर|साठी)

नमुन्याच्या आत उभी रेघ म्हणजे ‘किंवा’. सेडचा हुकूम s/नमुना/बदली/g असा असतो, शेवटची जी म्हणजे ओळीत जितक्या वेळा येईल तितक्या वेळा बदल. बदलीच्या बाजूला ‘केळी’ आणि त्यापुढे बॅकस्लॅश व इंग्रजी आकडा एक, म्हणजे कंसात जो प्रत्यय सापडला तो जसाच्या तसा. सेडला डॅश कॅपिटल ई द्यावा लागतो, नाहीतर तो हे कंस साधे कंस समजतो. मी मुद्दाम ‘च’ एकटा ठेवला नाही, कारण ‘शेवटी चूक केलीच’ यातली केली क्रियापद आहे. ‘स’सुद्धा नाही. ‘केलीस भाव नाही’ हे फळ, ‘तू कमाल केलीस’ हे क्रियापद. ‘त’ही नाही, ‘केलीत’ दोन्हीकडे जाते. या तिघी हाताने. आपल्या व्याकरणाच्या बाईंनी सामान्यरूप शिकवताना छड्या मारल्या, त्याचा उपयोग मला वयाच्या बावन्नाव्या वर्षी टर्मिनलमध्ये झाला.

आता प्रत्यक्ष बदल. पहिल्यांदा सेड नुसतं चालवा, डॅश आय न देता. तेव्हा तो फाइलला हात लावत नाही, बदललेला मजकूर फक्त पडद्यावर ओततो. सुरुवातीला डॅश एन आणि शेवटच्या जी मागे पी लावलात तर बदललेल्या ओळीच दिसतात. त्या वाचा. खरोखर वाचा, स्क्रोल करू नका.

मग अख्ख्या फोल्डरची प्रत काढा. सीपी डॅश ए ने, म्हणजे फायलींच्या तारखा टिकतील. ‘सेडला डॅश आय डॉट बॅक दिलं की तो आपोआप जुनी फाइल ठेवतो, मग प्रत कशाला’ असं पुतण्या म्हणेल. ठेवतो, एकदाच. तीच कमांड दुसऱ्यांदा चालवली की बॅकमध्ये पहिल्या वेळचा बदललेला मजकूर जाऊन बसतो आणि तुमचं मूळ गेलं ते गेलं. शिवाय पुढच्या वेळी ग्रेप त्या बॅक फायलींतही शिरतो. आणि आयला जे चिकटून येईल ते तो शेपूट समजतो. डॅश आय ई असं एकत्र लिहिलं की फायलींच्या मागे ई लागलेल्या प्रती तयार होतात आणि आपण डोकं खाजवत बसतो.

अजून एक. सेड डॅश आय ज्या फाइलीत काही बदलायचं नाही तीसुद्धा नव्याने लिहितो, आणि तिची तारीख आजची होते. तुम्ही फायली तारखेने लावून बघत असाल तर नऊ वर्षं एका दुपारी गोळा होतील. म्हणून ज्यांत शब्द आहे त्याच फायली द्या : ग्रेप डॅश आर एल आणि कॅपिटल झेड, पाइप, एक्सआर्ग्ज (फायलींची यादी पुढच्या कमांडच्या हातात देणारी कमांड) डॅश शून्य, मग सेड. झेड आणि शून्याची जोडी असते. ती नसेल तर ‘भाव १२ मार्च’ अशा जागा असलेल्या नावाचे तीन तुकडे होतात आणि ‘मार्च नावाची फाइल नाही’ असा ओरडा सुरू होतो. शेवटी डिफ डॅश आर, जुनं फोल्डर, नवं फोल्डर. जेवढं अपेक्षित होतं तेवढंच बदललं का, ते कळतं.

औरंगाबादचं मी म्हणेन, राहू द्या. २०१९ च्या फाइलीत औरंगाबाद लिहिलंय, कारण २०१९ मध्ये तेच नाव होतं. नाव २०२३ मध्ये बदललं, तिथून पुढच्या फायलींत चुकून जुनं असेल तर जरूर बदला. पण ‘संभाजीनगर’चं ‘छत्रपती संभाजीनगर’ करताना जपा, हा खड्डा मी स्वतः पाहिलाय. म्हणजे पडलेच आहे त्यात.

मी अमळनेरला सव्वीस वर्षं डीटीपी केलं. (अमळनेर म्हणजे जिथे १९४५ मध्ये वनस्पती तुपाचा कारखाना म्हणून विप्रो निघाली आणि पुढे कम्प्युटरात गेली. मी त्याच गावात कम्प्युटरापासून सुरुवात केली आणि अजून तूप काही दिसलं नाही.) २०१८ मध्ये जळगावच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला बहिणाबाईंचं नाव मिळालं, तेव्हा एका कॉलेजच्या साडेपाचशे पानांत नवं नाव घालायचं काम माझ्याकडे आलं. ‘उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ’च्या जागी ‘कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ’. चाललं झकास. दुसऱ्या दिवशी त्यांनी राहिलेली वीस पानं पाठवली, मी ती त्याच फोल्डरात टाकली आणि तीच कमांड पुन्हा चालवली. नव्या नावाच्या पोटात जुनं नाव आहे, हे मला सुचलंच नाही. साडेपाचशे पानांत ‘कवयित्री बहिणाबाई चौधरी कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ’. तिथल्या कारकुनाने फोन करून विचारलं, ‘ताई, सासू-सुना दोघी कवयित्री होत्या का?’

तेव्हापासून अशा ठिकाणी दोन पावलं टाकते. आधी नवं नाव सगळीकडे जुनं करायचं, मग जुन्याचं नवं. दहा वेळा चालवा, निकाल तोच.

प्रश्न : मी धुळ्यात एका जिनिंगच्या हिशेबाचं काम पाहतो. सगळ्या टेक्स्ट फायलींत ‘रु.’च्या जागी ₹ हे चिन्ह घालायला इंटरनेटवर बघून सेड चालवलं. आता ‘रुपये’चं ‘₹ये’ झालंय, गुरुवारचं ‘गु₹ार’ आणि मालकांच्या मारुती गाडीचं ‘मा₹ी’. व्हायरस आहे का?
— धुळे

उत्तर : व्हायरस नाही दादा, टिंब आहे. नमुन्यात टिंब म्हणजे पूर्णविराम नव्हे, ‘कुठलंही एक अक्षर’. तुम्ही सांगितलंत ‘रु आणि त्यापुढे काहीही’, त्याने रुप, रुव, रुत सगळं खाल्लं. टिंबाआधी बॅकस्लॅश द्यायचा होता, एवढंच.

नशीब एका बाबतीत थोर आहे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइटांचं असतं. (ही पद्धत १९९२ मध्ये बसवणाऱ्या दोघांपैकी एक पुन्हा तेच केन थॉम्प्सन, दुसरे रॉब पाइक.) तुमच्या मशीनची लोकेल (भाषेची सेटिंग) साधी ‘सी’ असती तर टिंबाने तीनातला एकच बाइट खाल्ला असता, आणि उरलेल्या दोन बाइटांचे प्रश्नचिन्हाचे काळे चौकट दिसले असते. तुमचं निदान वाचता येतंय.

प्रत नसेल असं गृहीत धरते (असती तर तुम्ही लिहिलं नसतं). ‘₹ये’, ‘गु₹ार’, ‘मा₹ी’ हे मराठीत दुसरीकडे कुठे येत नाहीत, ते बिनधास्त उलटे फिरवा. आधी वरच्या उत्तरातल्यासारखी जोड्यांची यादी काढा, म्हणजे ‘सु₹ात’सारखे आणखी सापडतील. पण दादा, तुम्ही जिनिंगमध्ये आहात. ‘रुई’चं काय झालं? र, उकार, ई. ती अख्खी ₹ झाली आणि ‘रु.’ही ₹ झाला. आता या दोघांत फरक करायला अक्षर उरलेलं नाही. ‘₹ १७० किलो’ असं दिसलं तर ती रुईची गाठ, पैसे नव्हेत. म्हणजे ₹ नंतर आकडा आणि मग किलो, क्विंटल किंवा गाठी अशा ओळी ग्रेपने काढा आणि एकेक बघून दुरुस्त करा. सरकीच्या ओळी वाचल्या, तिच्यात ‘रु’ नाही. हिशेब मालकांपुढे ठेवण्याआधी हे करा.

प्रश्न : ग्रेपने आमच्या शाळेच्या वर्ड फायलींत काहीच सापडत नाही. उघडल्यावर तर शब्द समोर दिसतो!
— एक शिक्षिका, नवापूर

उत्तर : ताई, वर्डची डॉक्स फाइल ही टेक्स्ट नसून झिप केलेलं गाठोडं असतं. ग्रेप गाठोड्याच्या कापडावरून हात फिरवतो, आतलं त्याला दिसत नाही. लिबरऑफिसने सगळ्या फायलींची टेक्स्ट रूपं एका कमांडीत काढता येतात, त्यांत शोधा. कुठल्या फाइलीत आहे ते कळलं की मूळ फाइल वर्डमध्येच उघडून बदला. गाठोडं सोडून आतच सेड चालवायचं धाडस नको. वर्ड कधीकधी एकाच शब्दाचे दोन तुकडे करून ठेवतो, मग डोळ्यांना दिसणारा शब्द आत सलग नसतोच.

प्रश्न : साक्री आणि शिंदखेडा भागातल्या बायांकडून मी कानबाईची आणि जात्यावरची अहिराणी गाणी ऐकून टाइप केली आहेत, चारशेच्या वर फायली आहेत. पण एकेक शब्द दोन-दोन तऱ्हांनी आलाय : ‘ऱ्हायनी’, ‘राहिनी’, ‘डोया’, ‘डोळा’. पुस्तक करायचं ठरलंय. सेडने सगळीकडे एकच रूप करून घेऊ का?
— साक्री

उत्तर : यातले दोन प्रश्न आधी वेगळे करू या, कारण एकाचं उत्तर ‘हो’ आहे आणि दुसऱ्याचं ‘अजिबात नाही’.

‘हो’ कशाला? तुमच्या फायलींतला ‘ऱ्हायनी’ दोन प्रकारे टाइप झालेला आहे आणि पडद्यावर दोन्ही हुबेहूब दिसतात. एकात आडव्या रफाराचा स्वतंत्र ‘ऱ’ आहे, युनिकोडात ०९३१, म्हणजे ल आणि ळ यांचा सख्खा शेजारी. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि मग एक न दिसणारं जोडचिन्ह आहे, त्याला झीरो विड्थ जॉइनर म्हणतात. जुन्या कीबोर्डांवर तसंच यायचं. दिसायला एक, पण ग्रेपच्या दृष्टीने दोन गावची माणसं : एक शोधलं की दुसरं सापडत नाही. खात्री करायची तर नुसता ‘ऱ्ह’ फाइलीतून कॉपी करून प्रिंटएफने डब्ल्यूसी डॅश सी ला द्या. एक ९ बाइट भरेल, दुसरा १२. न दिसणारं चिन्ह कमांडमध्ये टाइप करायला जाऊ नका, फाइलीतून उचलून चिकटवा. हे सगळं एका रूपात आणा, यात कुणाचा उच्चार बदलत नाही. ‘शेतकऱ्यां’सारख्या शब्दांचंही त्यातच भागेल. यावलच्या भाऊंनीही हे करून ठेवावं, त्यांच्या साठ फायलींतही दोन्ही आहेत.

आणि ‘नाही’ कशाला, तर उरलेल्या सगळ्याला. ‘ऱ्हायनी’ म्हणणारी बाई आणि ‘राहिनी’ म्हणणारी बाई वेगळी आहे. कदाचित माहेरं वेगळी असतील, कदाचित एक शाळेत गेली असेल. ‘डोया’ ही चूक नाही, ‘डोळा’ होण्याआधी वाटेत थांबलेलं रूप तर नाहीच नाही. एका गाण्यात एकाच बाईने दोन्ही म्हटलं असेल तर दोन्ही राहू द्या. केळीच्या भावपत्रकात ‘केली’ ही टाइप करणाऱ्याची चूक होती, कारण तो मुलगा तसं बोलत नव्हता. इथे बाया तशाच बोलल्या आहेत. प्रेसमध्ये असताना अहिराणीच्या एका छोट्या पुस्तकात मी आपणहून सगळे ‘य’ ‘ळ’ करून दिले होते, छान शुद्ध झालं असं वाटून. ज्यांचं पुस्तक होतं ते आप्पा मुद्रितं वाचून काही बोलले नाहीत. फक्त एक ओळ मोठ्याने म्हणून दाखवली. चालीत बसेना. सगळी पानं पुन्हा पहिल्यासारखी केली, तेही माझ्याकडे मूळ प्रत होती म्हणून जमलं.

एकरूपता तुम्हाला शोधण्यासाठी हवी आहे, छापण्यासाठी नाही. त्याला बदल लागत नाही, नमुना लागतो. ‘डो’ नंतर चौकोनी कंसात य आणि ळ दोन्ही, मग काना : ग्रेप दोघांनाही एकदम आणून देईल. रोज लागणारे असे नमुने एका वेगळ्या फाइलीत ओळीला एक असे लिहून ठेवा आणि ग्रेपला डॅश एफ करून ती फाइल द्या. लहान एफ, मोठा नाही. मोठा एफ नमुन्याला नमुना मानतच नाही, अक्षर अन् अक्षर तसंच शोधतो. पुस्तकाच्या मागे शब्दसूची द्यायची ठरलीत तर हीच फाइल कामाला येईल, प्रत्येक शब्दापुढे त्याची सगळी रूपं आणि किती वेळा आली ते.

तुम्ही पाठवलेल्या तीन फायलींवर तारीख आहे, गाण्याचं नाव आहे, पण गाणाऱ्या बाईचं गाव नाही. सेड राहू द्या, आधी ते लिहा. तुम्हाला आठवतंय तोवर.